हँडल थरथरतं की गाडी डोलते?

पारोळा सोडलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. मे महिना. फैजपूरहून, म्हणजे सासुरवाडीहून, धुळ्याला परत निघालो होतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना पेट्या, सीटच्या मागे टॉप बॉक्स. समोरून पश्चिमेचा वारा असा येत होता की हेल्मेटची काच बंद असूनही डोळे कोरडे पडत होते. मुकटीच्या अलीकडे केळीच्या एका ट्रकला मागे टाकायला म्हणून थ्रॉटल पिळला, काटा 95 वर गेला आणि गाडी डोलायला लागली.

बैलगाडीच्या मागे टांगलेला कंदील कसा हलतो, तसा गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मी हँडल गच्च धरलं. त्याने झोके आणखी वाढले.

"अहो, काय करताय?"

"मी काही करत नाहीये!"

ब्रेक मारावासा वाटत होता, पण बाजूला ट्रकची चाकं दिसत होती, हिंमत झाली नाही. थ्रॉटल तेवढा सोडला. 75 च्या आसपास सगळं आपोआप शांत झालं. पुढे एका लिंबाखाली गाडी लावली आणि बाटलीतलं कोमट पाणी दोघांनी न बोलता संपवलं.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला 80 ची मर्यादा आहे आणि मी 95 वर होतो. मी 80 वर असतो तर हा लेख नसता. पण दोष गाडीत तसाच राहिला असता, आणि एखाद्या दिवशी कंटेनरच्या वाऱ्याच्या झोतात 80 लाही उफाळून आला असता.

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण शेवटी कळलं की बिचारीचा त्यात फार थोडा वाटा होता. चारशे सीसीची, लांबच्या प्रवासाची, सेकंडहँड घेतलेली. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दोलन हा धडा दरवर्षी फळ्यावर रंगवून शिकवतो, अवमंदनाचा, म्हणजे झोके हळूहळू विरत जाण्याचा, आलेख डोळे मिटून काढतो. आणि स्वतःच्या बुडाखाली दोलन सुरू झालं तेव्हा मला सुचलं काय, तर "पुढच्या चाकात काहीतरी गडबड आहे."

ज्याला सांगितलं तोही हेच म्हणाला. हँडल हलतं म्हणजे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. दूधवाला, शेजारचे काका, आमच्या शाळेचा शिपाई, सगळ्यांचं एकमत. मग एका गॅरेजवाल्याने कोनसेट नवा टाकून घट्ट आवळून दिला, पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग केलं आणि 4200 रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी गाडी देवपुरातून गावात आणताना 40 च्या वेगातसुद्धा सरळ चालेना. आता डोलत नव्हती, भरकटत होती. थोडी डावीकडे जाई, मी सावरलं की उजवीकडे जरा जास्तच जाई. दारू प्यायलेल्या माणसाला सायकल दिल्यासारखं.

म्हणजे आता माझ्याकडे दोन दुखणी होती. त्यातलं एक मी पैसे देऊन विकत घेतलेलं.

पारोळा रोडवर एक म्हातारे मिस्तरी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, गाडीला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते विचारत राहतात. मी सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, हँडल थरथरस का गाडी डोलस?"

मला वाटलं, एकच तर गोष्ट आहे. तशी ती नाही. हँडल थरथरणं म्हणजे पुढचं चाक आणि हँडल एवढंच भराभर हलणं, सेकंदाला सात-आठ वेळा. ते बहुधा 60-70 ला वेग कमी होताना जाणवतं, हात सैल सोडले की जास्त. तिथे पुढचा टायर, बॅलन्सिंग, सैल कोनसेट हे संशयित. गाडी डोलणं वेगळं. त्यात मागचा-पुढचा भाग मिळून सगळी गाडी वळवळते, सेकंदाला दोन-तीनच झोके, आणि ते मोठ्या वेगाला, सामान लादलेलं असताना. वेग जसा वाढतो तसं या झोक्यांचं अवमंदन कमी होत जातं. एका मर्यादेपर्यंत झोका विरून जातो, ती ओलांडली की वाढत जातो. माझे झोके मोजता येतील इतके सावकाश होते. एक... दोन... असे. म्हणजे हँडल फक्त चाडी सांगत होतं, चोर मागे बसला होता.

आप्पांनी आधी मी विकत घेतलेलं दुखणं काढलं. इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं, हँडल मधोमध आणलं आणि एका बोटाने हलकंच ढकललं. ते ढकललं तिथेच थांबलं. खरं तर ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडायला हवं, डावीकडेही आणि उजवीकडेही. गाडी चालताना हँडल सतत बारीक-बारीक सावरत असतं, आपल्या नकळत. कोनसेट आवळला की त्याची ही सावरण्याची मुभा जाते. मग ते काम आपण करतो, आणि आपण नेहमी उशिरा करतो. आप्पांनी वरचा नट थोडा सैल केला, पुन्हा बोट लावलं, पुन्हा थोडा सैल केला. तिसऱ्यांदा हँडल अलगद डावीकडे कलंडलं. मग पुढच्या फोर्कचे दोन्ही पाय धरून चाक मागे-पुढे ओढून पाहिलं, कुठे खटखट आहे का. नव्हती. भरकटणं तिथेच संपलं.

"आते बाकीनं तुम्ही देखा," ते म्हणाले. "सगळं सामान काढी टाका आनि चालाई देखा. काहीच बदलू नका."

फुकटचा उपाय होता. तो मी सर्वांत आधी करायला हवा होता. विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत लिहायला लावतो की एका वेळी एकच घटक बदलावा, आणि स्वतः कोनसेट व बॅलन्सिंग एकाच दिवशी करून मोकळा झालो होतो.

शाळेला सुट्टी होतीच. पहाटे साडेपाचला निघायचं, फागण्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जायचं आणि वारा सुटायच्या आत परतायचं, असा नेम धरला. एक जुनी वही काढली. मागे बसायला बायकोने साफ नकार दिला, म्हणून तिच्या जागी गव्हाचं पोतं बांधलं. आमच्या गल्लीत त्यावरून बरीच चर्चा झाली.

पहिल्या दिवशी एकटा, पेट्या नाहीत, पोतं नाही. गाडी 95 ला रुळावरून चालल्यासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी पोतं आणि बाजूच्या पेट्या, टॉप बॉक्स घरी. लेन बदलली की मागे एक झोका यायचा आणि विरायचा. तिसऱ्या दिवशी रिकामा टॉप बॉक्स चढवला. 90 ला दोन-तीन झोके, मग शांत. चौथ्या दिवशी बॉक्समध्ये त्या प्रवासाचंच सामान भरलं. वारा नव्हता, ट्रक नव्हता, तरी 85 ला कंदील हलायला लागला. या वेळी हँडल आवळलं नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली, हात मोकळे ठेवले, थोडं पुढे वाकलो आणि थ्रॉटल हळूहळू सोडला. पाच-सहा झोक्यांत थांबलं.

घरी येऊन टॉप बॉक्स तानकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला, टांगला. 14 किलो! आत सासूबाईंनी दिलेली पाच किलो तुरीची डाळ, तीन किलो कळण्याचं पीठ, बिबडे आणि कुरडयांचे डबे (हे हलके, पण त्यांनी जागा अडवली म्हणून जड सामान पार मागे सरकलेलं), मुरलेल्या लोणच्याची चिनीमातीची बरणी आणि माझा पान्यांचा संच. झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर होता. कमाल वजन 5 किलो. दोन वर्षं मी ते झाकण उघडत होतो.

बॉक्सचा मध्य मागच्या चाकाच्या आसापासून 45 सेंटीमीटर मागे येत होता. दोन चाकांमधलं अंतर 1450 मिलिमीटर. तरफेचा साधा हिशोब केला तर त्या 14 किलोंनी पुढच्या चाकावरचं सव्वाचार किलो वजन उचललं होतं. एवढंच? सव्वाचार किलोंनी काय होतं, असं मलाही वाटलं. पण खरा त्रास तरफेचा नाही. गाडी डोलते तेव्हा ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळत असते, आणि तिथे वजन नुसतं मोजलं जात नाही, अंतराच्या वर्गाने गुणलं जातं. टाकीजवळची पाच किलो डाळ गाडीला कळतही नाही. तीच डाळ मीटरभर मागे टांगली की गाडीला शेपूट फुटतं. त्यात बॉक्स उंच, मागे बसलेल्याच्या पाठीमागच्या घुसळलेल्या हवेत.

पण नुसत्या बॉक्सवर खापर फोडून मोकळं होता येईना. हाच बॉक्स, जवळपास एवढंच वजन घेऊन गेल्या हिवाळ्यात मी सेंधव्यापर्यंत गेलो होतो आणि काही झालं नव्हतं. मधल्या काळात काय बदललं, ते शोधायला पुन्हा आप्पांकडे.

पहिली सापडली हवा. मी नेहमी पंपावर मागच्या टायरात 32 पीएसआय भरून घ्यायचो. त्या दिवशी जळगावला भरली होती, तीही दुपारी, तापलेल्या टायरात. स्वतःचा गेज घेऊन सकाळी थंड टायर मोजला तर 27. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे दोघं आणि सामान असेल तर मागे थंड टायरात 36 हवेत. तापमान वाढलं की दाब वाढतो, हेही मीच शिकवतो. आणखी किती लाज काढायची!

मग टायर. मधोमध चपटा झालेला, कडेला नक्षी शाबूत. आमच्याकडे वळणं कमी, सरळ रस्ताच जास्त, टायर गोल न राहता चौकोनी होतो. बाजूला 3618 छापलेलं होतं, म्हणजे 2018 सालच्या छत्तिसाव्या आठवड्यातला. हात लावला तर रबर लाकडासारखं.

सगळ्यात मजा आली ती दोरीची. आप्पांनी गवंड्याची दोरी आणली. मागच्या टायरच्या मागून घालून दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे नेली आणि मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकतील इतकी ताणून दोन विटांना बांधली. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोरी आणि टायर यांत फट राहते. दोन्हीकडे सारखी असली की चाकं एका रेषेत. आप्पा जमिनीवर आडवे झाले, एक डोळा मिटला आणि मला पट्टी धरायला लावली. डावीकडे 14 मिलिमीटर, उजवीकडे 8. मागचं चाक तिरकं पाहत होतं. मागच्या महिन्यात मीच घरी चेन ताणली होती, चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा बघून, अगदी काळजीपूर्वक. त्या खुणा मुळातच सारख्या नव्हत्या. आप्पांनी उजवा बोल्ट फिरवला, दोरी पुन्हा ताणली, पुन्हा फिरवला. अर्धा तास गेला. शेवटी 11 आणि 11.

चाक अधांतरी करून चिमटा आडवा हलवून पाहिला, बुश ठीक होते. चाकाचे बेअरिंगही ठीक. मागचा शॉकअप मात्र मी कधीच सेट केला नव्हता, एकट्यासाठी ठेवलेला तसाच. दोघं बसून सामान लादलं की मागचा भाग 80 मिलिमीटर खाली बसत होता, आणि चाकाचा सगळा प्रवास 180. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बसावा, असा आप्पांचा हिशोब. सी-पान्याने दोन खाचा वर चढवल्यावर 62 वर आला.

वहीत प्रत्येक फेरीची नोंद आहे, सगळी 14 किलोंचा बॉक्स तसाच ठेवून. हवा बरोबर केल्यावर डोलणं 85 वरून 90 ला गेलं. रेषा आणि शॉकअपनंतर 95 ला नुसती चाहूल. नवा टायर टाकल्यावर 95 लाही काही नाही, पण लेन बदलताना शेपटाची जाणीव राहिलीच. मग डाळ आणि बरणी बाजूच्या पेट्यांत, तळाशी, जमेल तितक्या पुढे. पाने टाकीवरच्या पिशवीत. बॉक्समध्ये बिबडे, कुरडया आणि रेनकोट. शेपूट गेलं. यातल्या कुठल्याही एका कारणाने त्या दुपारी मुकटीजवळ मी घाबरलो नसतो, पाचही एकत्र जमली म्हणून. वारा सहावा. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून वारा आला की काटा 95 दाखवतो, गाडीला मात्र 120 ची हवा लागत असते.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पुन्हा फैजपूरला जाणं झालं. निघताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पिशव्या ओट्यावर आणून ठेवल्या. मी खिशातून तानकाटा काढला, एकेक पिशवी टांगली आणि वहीत आकडा लिहायला लागलो. त्या दारातून बराच वेळ बघत होत्या.

"जावईबापू," शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, "डाळ बी मोजून नेतात का आता?"

बायको तेव्हापासून जे हसत होती, ती भुसावळचा तापीचा पूल येईपर्यंत.