कारण चांगले, नाव चुकीचे

शाळेच्या निमंत्रणावरचा 'सुवर्णमहोत्सव' हा शब्द वाचताच मी तो नकळत फोडून पाहिला: 'सु' म्हणजे चांगला, 'वर्ण' म्हणजे रंग, चांगल्या रंगाचे ते सुवर्ण. ही सवय रसायनशास्त्राच्या बाईंनी लावली, आणि या स्मरणिकेसाठी लिहायचे तर मला त्यांच्याविषयीच लिहिता येईल.

सोडिअमसाठी एनए, पोटॅशिअमसाठी के ही रासायनिक चिन्हे आम्हाला छळत असत. बाईंनी ती कधी घोकून घेतली नाहीत. नेट्रिअम, कॅलिअम ही लॅटिन नावे त्या फळ्यावर लिहीत आणि कॅलिअमच्या मुळाशी वनस्पतींच्या राखेचा अरबी शब्द आहे, असे सांगत. चांदीचे 'अर्जेंटम' आणि आपले 'रजत' एकाच प्राचीन शब्दमुळापासून निघाले, त्याचा अर्थ शुभ्र, चकाकणारे, हे ऐकून तर वर्ग स्तब्ध झाला होता. 'लोह' म्हणजे आधी तांबूस धातू, म्हणजे तांबेच. लोखंडाकडे तो शब्द पुढे आला, हेही त्यांच्याकडूनच कळले.

नववीच्या एका चाचणीत, प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे मी ठामपणे लिहिले आणि कारणही दिले: ग्रीक 'ऑक्सिस' म्हणजे आंबट, 'जेन' म्हणजे निर्माण करणारा. बाईंनी शून्य गुण दिले आणि शेजारी लाल शाईने लिहिले, "कारण चांगले, नाव चुकीचे." तास संपल्यावर त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली माझ्यासमोर ठेवली. "यात हायड्रोजन आहे, क्लोरीन आहे. ऑक्सिजन कुठे आहे, दाखव." मग त्यांनी सांगितले की हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचे, आम्लता ऑक्सिजनमुळेच येते अशी त्याची खात्री होती, क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने 1810 मध्ये सांगितले, तेव्हा ती समजूत ढासळली, नाव मात्र राहिले. आपला 'प्राणवायू' या बाबतीत अधिक खरा, असे त्या अभिमानाने म्हणाल्या.

पुढे मी धातुविज्ञान शिकलो, आयुष्यभर त्याच क्षेत्रात काम केले, आणि निवृत्तीनंतर एका परिभाषाकोशासाठी नोंदी लिहितो. तांब्याच्या आशेने खणलेल्या खनिजातून तांबे निघेना, तेव्हा जर्मन खाणकामगारांनी भुताखेतांना दोष दिला आणि त्यातून निकेल हे नाव आले; हे लिहिताना बाईंचा आवाज कानांत होता. आता वर्गावर्गांत आवर्तसारणीचे सुरेख रंगीत तक्ते असतात, पण त्यांवर अणुअंक असतो, अणुवस्तुमान असते. नावाचा अर्थ कुठेच नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑक्सिजनच्या नोंदीत 'शब्दशः अर्थ: आम्लजनक' एवढे लिहून मी पुढे एक वाक्य जोडले, की हे नाव चुकीच्या समजुतीतून पडले आहे. जागा कमी पडते म्हणून ते गाळावे, असे संपादकांनी सुचवले. मी दुसऱ्या दोन ओळी कापल्या आणि ते वाक्य ठेवले.