सीव्ही कार्ब, पुढचा टप्पा : स्लो बसला, जेट आहे तोच राहिला

बाईकच्या सीव्ही कार्बचा (इंजिनच्या व्हॅक्यूमने स्लाइड उचलणाऱ्या कार्ब्युरेटरचा) मिक्श्चर स्क्रू, म्हणजे स्लोवर (रेस सोडलेली असताना) मिश्रण ठरवणारा स्क्रू, अखेर ऐकायला लागला. पाव फेरा आत घेतला की आरपीएम पडतात, बाहेर सोडला की चढतात, आणखी सोडत गेलं की इंजिन जड चालतं. मागच्या नोंदीपर्यंत हाच स्क्रू पूर्ण आत असो वा चार फेरे बाहेर, स्लोवर काडीचाही फरक पडत नव्हता. जेट (पेट्रोल मापून सोडणारे पितळी तुकडे) तेच आहेत, स्लाइडची नीडल तीच आहे. दोष दोन होते आणि एक दुसऱ्याला झाकत होता, म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

लक्षणं पुन्हा थोडक्यात. दीडशे सीसी, एका सिलिंडरचं इंजिन, मिकुनी सीव्ही कार्ब, पायलट जेट (स्लोचा) १५, मेन जेट (पूर्ण थ्रॉटलचा) ११२.५. थंड इंजिन चोकवर व्यवस्थित चालतं. गरम झालं की स्लो टिकत नाही. आयडल स्क्रू (थ्रॉटल थोडा उघडा धरणारा) चढवून टिकवला, तर रेस सोडल्यावर आरपीएम दोन-अडीच हजारांवर लटकतात आणि सावकाश खाली येतात. थ्रॉटल हलकासा उघडला की गाडी क्षणभर गुदमरते, मग उचलते. चोक किंचित ओढला की गुदमरणं गायब. म्हणजे मिश्रण लीन आहे, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच, की हवा जास्त येतेय की पेट्रोल कमी.

हवेचा संशय लवकर फिटला. इंजिन स्लोवर ठेवून इनलेट रबरच्या दोन्ही कडांवर, क्लॅम्पखाली आणि बटरफ्लायच्या (थ्रॉटलने फिरणाऱ्या, हवेची वाट उघडणाऱ्या चकतीच्या) शाफ्टच्या टोकांवर कार्ब क्लीनर नळीने थेंब-थेंब मारला. आरपीएम हलले नाहीत. (गरम इंजिनवर हा स्प्रे पेट घेऊ शकतो, त्यामुळे फवारा नको, थेंबच.) पायलट जेट उजेडासमोर धरला तर भोक गोल आणि स्वच्छ. इथे बहुतेक जण पायलट एक नंबर मोठा करतात. माझ्याही यादीत १७.५ होता. तो का काढून टाकला ते पुढे येईलच.

स्क्रू निष्प्रभ का होतो, हे समजायला बटरफ्लायची कड नीट पाहावी लागते. तिच्या इंजिनकडच्या बाजूला एकच बारीक भोक असतं, ते आयडल आउटलेट. मिक्श्चर स्क्रूची निमुळती सुई त्याच भोकावर बसते. शिवाय बटरफ्लायच्या कडेपाशी ओळीने तीन बायपास भोकं असतात. बटरफ्लाय जवळजवळ बंद असताना ही तिन्ही फिल्टरच्या बाजूला राहतात, तिथे व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे त्यांतून पेट्रोल येत नाही, उलट थोडी हवा पायलटच्या मार्गात शिरते. थ्रॉटल किंचित उघडला की कड सरकते, एकेक भोक व्हॅक्यूमला उघडं पडतं आणि पेट्रोल देऊ लागतं. स्लाइड उचलून नीडल कामाला लागेपर्यंतची वाट ही भोकं सांभाळतात.

आता आयडल आउटलेट तुंबलं आहे असं धरा. स्लो टिकत नाही म्हणून आयडल स्क्रू चढवला जातो. बटरफ्लाय कायमची थोडी उघडी राहते, पहिलं-दुसरं बायपास भोक व्हॅक्यूममध्ये येतं आणि इंजिन त्यांच्या जिवावर स्लो चालतं. त्या पेट्रोलवर मिक्श्चर स्क्रूचा काही ताबा नसतो, म्हणून तो कितीही फिरवा. आणि रेस उघडताना जी भोकं मदतीला यायची, ती आधीच वापरून झालेली असतात, म्हणून गुदमरणं. लटकणारे आरपीएम, मेलेला स्क्रू आणि सुरुवातीचं गुदमरणं, तिन्ही लक्षणं या एका कारणाने जुळतात. ही तिन्ही एकत्र दिसली तर जेटच्या डबीला हात लावण्याआधी आयडल स्क्रू किती चढलाय ते बघा.

त्यासाठी चाचणी सोपी आहे. पायलट जेट काढायचा, त्याच्या भोकात क्लीनरची नळी घट्ट धरायची आणि बाहेर कुठून किती येतंय ते पाहायचं. मिक्श्चर स्क्रू जागेवर, तीन फेरे बाहेर. डोळ्यांवर चष्मा हवाच, धार सरळ तोंडावर येते. इथे बायपासच्या तिन्ही भोकांतून सरळ, सुईसारख्या धारा आल्या आणि आयडल आउटलेटमधून नुसता ओलावा. दोष सापडला तो इथे.

स्क्रू बाहेर काढला, त्यामागोमाग स्प्रिंग आली, मग ओ-रिंग. वॉशर नव्हता. क्रम पक्का लक्षात ठेवावा : स्क्रू, स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग. वॉशर नसेल तर स्प्रिंगचं कापलेलं टोक थेट रबरावर घासतं आणि प्रत्येक फेऱ्याला त्याचा एक तुकडा सोलतं. टॉर्च मारून आत पाहिलं तर तळाशी आणखी एक ओ-रिंग चपटी होऊन चिकटलेली. आधी कधीतरी किट बसवताना जुनी आतच राहिली आणि नवी तिच्यावर बसली. त्यामुळे स्क्रू 'पूर्ण आत' गेल्यासारखा वाटायचा तो खरं तर रबरावर अडायचा, आणि तिथून मोजलेले सगळे फेरे खोटे ठरायचे. जुन्या रिंगचा सुटलेला कपचा आउटलेटमध्ये जाऊन बसला होता, तो वेगळाच.

काढण्याची पद्धत : गिटारच्या सगळ्यात बारीक तारेच्या, म्हणजे ०.२३ मिमीच्या, टोकाला अर्धा मिमीचा आकडा वळवून चपटी रिंग वर ओढली. कपचा मात्र स्क्रूच्या बाजूने ढकलू नये, तो आणखी घट्ट बसतो. बोअरच्या (कार्बमधल्या हवेच्या वाटेच्या) बाजूने ब्रशचा एक नायलॉन केस आत घालून तो सैल केला आणि त्याच बाजूने हवा मारली. स्क्रूच्या भोकातून काळा ठिपका बाहेर पडला, तिळाच्या दाण्याहूनही लहान. पुन्हा स्प्रे मारला तेव्हा चौथी धार बाकी तिघींइतकीच सरळ आली. या छंदात अशी धार बघण्यासारखं सुख थोडंच. जाता जाता स्क्रूचं टोकही तपासा. कुणी जोर लावून आवळला असेल तर टोकाला कडं पडलेलं असतं, किंवा टोक मोडून आउटलेटमध्येच राहिलेलं असतं.

हत्यारांबद्दल दोन वाक्यं. जपानी कार्बच्या स्क्रूवर साधा फिलिप्स वापरू नका, तो घसरून डोकं खातो. स्क्रूच्या डोक्यावर छोटा ठिपका असेल तर तो जेआयएस (जपानी मानकाचा) आहे आणि त्याला जेआयएस ड्रायव्हरच लागतो. आणि जेट साफ करायला गॅसच्या नोझलच्या खरखरीत सुया मिळतात, त्या कार्बच्या आसपासही नकोत, कारण त्या पितळ कापतात.

आउटलेट उघडल्यावर स्लो उतरला, लटकणं संपलं, स्क्रू चालू लागला. गुदमरणं मात्र निम्मंच गेलं, आणि स्क्रूची सर्वांत चांगली जागा साडेतीन फेऱ्यांवर आली. तीनच्या पुढे म्हणजे पायलट लहान पडतोय, हा सर्वमान्य ठोकताळा. पाऊण फेऱ्याच्या आत आली तर पायलट मोठा. त्या हिशेबाने १७.५ बसवायलाच हवा होता. पण मिकुनीचे आकडे प्रवाहाच्या अंदाजाने चालतात (केहिनचे भोकाच्या व्यासाने, म्हणून दोघांचे नंबर एकमेकांच्या जागी धरू नयेत), आणि १५ वरून १७.५ ही उडी सुमारे १७ टक्क्यांची होते. इथेनॉलचा हिशेब धरला तरी एवढं लागत नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साधारण साडेतेरा पट. फरक आठ-नऊ टक्क्यांचा. एवढी तफावत स्क्रूने सहज भरून निघायला हवी होती. ती निघत नव्हती, म्हणजे पेट्रोल जेटपर्यंतच कमी पोचत होतं.

म्हणून बाऊलची (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीची) लेव्हल पाहिली. बाऊलच्या ड्रेन नळीला पारदर्शक ट्यूब लावून ती वर वळवायची, बाऊलच्या जोडाला टेकवून उभी धरायची आणि ड्रेन स्क्रू उघडायचा. कार्ब गाडीवर बसतो त्याच कोनात हवा, कॉक (टाकीची तोटी) चालू, इंजिन स्लोवर. ट्यूबमधलं पेट्रोल जिथे थांबेल ती बाऊलमधली खरी लेव्हल. इथे ती जोडाच्या रेषेखाली ५ मिमी निघाली. ३ मिमीच्या आसपास हवी.

दोन मिमीने एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण प्रत्येक सर्किट पेट्रोल याच पातळीपासून वर ओढतं. मेनवर, पूर्ण थ्रॉटलला ओढ भरपूर असते, तिथे दोन मिमी फारशी जाणवत नाही. बायपास भोकांवर ओढ सर्वांत दुबळी असते त्या क्षणी, म्हणजे थ्रॉटल नुकताच उघडताना, हीच दोन मिमी नडते. लेव्हल चुकलेली असताना जेट बदलला तर एका जागी मिश्रण जमतं आणि दुसऱ्या जागी बिघडतं, मग नीडलखाली शिम (पातळ चकती) घाला, मग मेन बदला, याला अंत नाही. माझं ठाम मत आहे की ट्यूबने लेव्हल मोजल्याशिवाय एकही जेट विकत घेऊ नये.

लेव्हल खाली का, तर नवी फ्लोट नीडल, म्हणजे तरंगता फ्लोट वर आला की बाऊलमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी सुई. कार्ब उलटा करून, मग तिरका धरून, फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला नुसती टेकेल, पिन दाबणार नाही, अशा जागी फ्लोटची उंची मोजायची. हवी २१.५ मिमी, भरली २३.६. जुनी आणि नवी नीडल व्हर्नियरवर धरल्या तेव्हा नवी ०.६ मिमी लांब. फ्लोटच्या कण्यापासून जिभेचं अंतर आणि फ्लोटच्या टोकाचं अंतर यांचं प्रमाण इथे सुमारे साडेतीन आहे. ०.६ गुणिले साडेतीन, म्हणजे बरोबर २.१ मिमी. लांब नीडल लवकर सीटवर बसते, फ्लोट पुरता वर येण्याआधीच पेट्रोल बंद होतं. आकडे इतके नेमके जुळले की दुसरं कारण शोधायची गरज उरली नाही.

जुनी नीडल परत बसवणं शक्य नव्हतं, तिच्या रबरी शंकूवर सीटचा गोल वण पडला आहे आणि अशी नीडल ओव्हरफ्लो करते. तूर्त नवीच ठेवून जीभ अगदी थोडी वाकवली, उंची २१.६ आली, ट्यूबवर लेव्हल जोडाखाली ३ मिमी. पण जीभ वाकवणं हा तात्पुरता इलाज आहे. जास्त वाकली की तिचा कोन बदलतो, नीडल सरळ न ढकलता तिरकी ढकलली जाते आणि अडकते. योग्य लांबीची नीडल कार्बच्याच कंपनीची सुटी मागवणार. बिननावाच्या 'संपूर्ण' किटमधून गॅस्केट आणि ओ-रिंग वापरा, नीडल आणि जेट नकोत. आणि मिक्श्चर स्क्रूचा वॉशर किटमध्ये आहे की नाही, ते पाकीट फोडण्याआधी बघा.

यानंतरचं सेटिंग फार वेळ न घेता झालं. इंजिन पुरतं गरम, स्लो १४००. मिक्श्चर स्क्रूने आरपीएमचा माथा शोधायचा, आयडल स्क्रूने पुन्हा १४०० ला आणायचे, परत माथा, परत खाली, जोवर माथा हलायचा थांबत नाही. मग स्क्रू अष्टमांश फेरा बाहेर. स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे म्हणून बाहेर म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). जुन्या व्हीएम कार्बवर तो फिल्टरच्या बाजूला, हवेचा असतो, तिथे उलटं. मुक्काम सव्वादोन फेऱ्यांवर. पायलट १५ च कायम, नीडलखालच्या शिमचा बेतही रद्द.

डायफ्राम (स्लाइडला जोडलेला रबरी पडदा) उजेडासमोर ताणून पाहिला, भोक नाही. स्लाइड वर उचलून तिच्या तळाचं भोक बोटाने बंद करून सोडली तर सावकाश उतरते, म्हणजे ठीक. स्प्रे मारण्याआधी डायफ्राम बाहेर काढायचा नियम पाळाच, क्लीनरने रबर फुगतं आणि मग ते खाचेत बसत नाही.

खरं तर यापुढे मेन जेट आणि प्लगचा रंग बघायचा बेत होता. पण ट्यूब लावलेलीच होती, तेव्हा सुचलं की लेव्हल फक्त स्लोवर न बघता कॉकचा प्रवाहही तपासावा. हिशेब असा : पूर्ण ताकदीवर हे इंजिन मिनिटाला अंदाजे ७० मिली पेट्रोल खातं, बाऊलमध्ये ४०-४५ मिली मावतं. म्हणजे कॉक साफ बंद झाला तरी अर्धा मिनिट गाडी नेहमीसारखी पळते, आणि प्रवाह नुसता कमी पडत असेल तर चांगली दोन-तीन मिनिटं कळतही नाही. लांब चढावर पूर्ण रेसमध्ये मिसिंग सुरू होतं आणि थांबल्यावर आपोआप बरं होतं, ते याचमुळे. त्यामुळे मेनला हात लावण्याआधी हे : कार्बकडचा पाईप काढून मोजपात्रात सोडायचा, टाकीचं झाकण बंद ठेवून तीन मिनिटं वाहू द्यायचं आणि दर मिनिटाचं माप लिहायचं. तिन्ही मापं सारखी आणि २०० मिलीच्या वर असतील तर टाकी, कॉक आणि फिल्टर निर्दोष. माप दर मिनिटाला घसरत गेलं आणि झाकण उघडताच पूर्ववत झालं, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय. झाकण उघडूनही कमीच राहिलं, तर कॉकची जाळी किंवा फिल्टर. ही मोजणी रिझर्व्हवर वेगळी घ्यायची, कारण तिची जाळी टाकीच्या तळाशी असते आणि गंज आधी तिलाच लागतो.

पुढच्या नोंदीत ही मापं आणि सुट्या नीडलची लांबी देतो. मेन जेट त्यानंतरच.