डीबीएसनंतरची वर्षं: घास, तोल आणि बॅटरी

कंपवातासाठी (पार्किन्सन) डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीवरच्या मशीनने त्यांत सौम्य करंट सोडण्याची शस्त्रक्रिया, करायची ठरली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘याने आयुष्य वाढेल का?’ याचं सरळ उत्तर देता येत नाही. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण जास्त जगतात असं काही तुलनांत दिसतं खरं, पण शस्त्रक्रियेसाठी निवडच मुळात स्मरणशक्ती शाबूत असलेल्या, लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाने चांगला फरक पडणाऱ्या आणि दुसरा मोठा आजार नसलेल्या माणसांची होते. ती तशीही जास्त जगली असती. आजाराची वाटचाल डीबीएसमुळे थांबते, असा पुरावा नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलला मेंदूशल्यविशारद बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या उपचाराची सुरुवात केली. १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोलवरच्या लहानशा भागात तारा बसवल्या जाऊ लागल्या. तेव्हापासूनचा अनुभव असा, की थरथर आणि ताठरपणा यांवरचा फायदा दहा-पंधरा वर्षं बऱ्यापैकी टिकतो. चालणं, तोल, बोलणं, गिळणं आणि स्मरणशक्ती मात्र हळूहळू ढासळतात, आणि मशीनचं सेटिंग वाढवून ती परत येत नाहीत. उलट करंट जास्त झाला तर बोलणं आणखी अडखळतं.

म्हणून लक्ष द्यायचं ते गिळण्याकडे. कंपवातात मृत्यूचं एक मोठं कारण न्यूमोनिया आहे, आणि बऱ्याचदा त्याची सुरुवात श्वासनलिकेत गेलेल्या घासाने होते. आपल्याकडे आजारी माणसाला आधी पेज देतात, पण पातळ पदार्थच जास्त ठसकवतात. पेज घट्ट करा, शीत (भात) मऊ शिजवून हुमणात (माशाच्या आमटीत) कालवा, माशाचे काटे नीट काढा. जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं पडायचं नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येऊ लागला तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. मासे, डाळीतलं प्रथिन तिचं शोषण अडवतं.

दुसरी गोष्ट पडणं. पावसाळ्यात ओली बलकांव (घरापुढची ओटी) आणि शेवाळलेल्या पायऱ्या! आणखी काय सांगायचं?

तिसरी बॅटरी. गळपट्टीच्या हाडाखालची साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. ती एकाएकी संपली तर ताठरपणा इतका उसळू शकतो की ताप येतो आणि जीव धोक्यात जातो. नुसत्या गोळ्यांनी ते नेहमी आवरत नाही. त्यामुळे दर तपासणीला उरलेली बॅटरी लिहून ठेवायची आणि बदलीच्या खर्चाची तयारी आधीच करायची. चार्ज होणारी बॅटरी असेल तर चार्जरही भरलेला ठेवा, पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरीवरची किंवा टाळूवरची त्वचा लाल झाली, ओलसर वाटली, तर मलम लावत बसू नका. जंतुसंसर्ग तारेवरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

फिजिओथेरपीत डायथर्मी (विद्युतलहरींचा शेक) कधीच नको, सांध्यावरसुद्धा नाही: तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते. एमआरआयआधी मशीनचं मॉडेल दाखवा. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर सुरक्षा तपासणीत मशीनचं ओळखकार्ड पुढे करून हाताने तपासायला सांगा.

आणि उलटीसाठी तालुक्याच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन टोचू पाहतील. ही दोन्ही डोपामिन, म्हणजे कंपवातात मेंदूत आधीच कमी पडणारं रसायन, अडवतात. त्यांची नावं त्याच कार्डाच्या मागे लाल शाईने लिहून ठेवा.