नवतप्यातली गोधडी

नवतप्यात नागपुरात कोणी गोधडी पांघरून ऑटोत बसलेला दिसला, तर तो बहुतेक मीच. दुपारचे दोन वाजलेले, पारा ४५च्या पुढे, धंतोलीहून महालात घरी जायचंय आणि माझे दात वाजताहेत.

ऑटोवाला आरशातून दोनदा बघतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा खाली ओढून विचारतो, "काकाजी, ताप आहे का जी?"

"नाही रे, डायलिसिस करून आलो."

"मग थंडी काहून वाजून राहिली?"

सुरुवातीला मलाही उलगडा झाला नव्हता. बीपी पडेल, पोटरीत गोळे येतील, घरी गेल्यावर अंगातलं त्राण जाईल, हे सगळे सांगून होते. हिवाळ्याचा विषय कोणी काढलाच नव्हता. शेवटी टेक्निशियनला गाठलं. तो म्हणाला, रक्त नळ्यांमधून बाहेर फिरून येतं, तेवढ्यात थोडं निवतं. शिवाय माझं बीपी पडतं म्हणून तो मशीनमधल्या, रक्त साफ करणाऱ्या द्रावणाचं तापमान मुद्दाम ३५.५ अंशांवर ठेवतो. गारव्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि बीपी तग धरतं. म्हणजे माझी थंडी त्याने स्वतःच्या हाताने लावलेली! ताप चढून हुडहुडी भरली तर मात्र लगेच सांगायचं, तो जंतुसंसर्ग असू शकतो, अशी तंबीही त्याने दिली.

तिथे पडल्या पडल्या हिशेब करण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. माझ्या मशीनमधून मिनिटाला ५०० मिली द्रावण वाहतं, चार तासांत १२० लिटर. आणि मला दिवसाला प्यायला मिळतं जेमतेम एक लिटर, त्यात चहा आला, वरण आलं, ताकही आलं. मे महिन्यात, नागपुरात! तोंडाला कोरड पडली की बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचा आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. (संत्र्यांबद्दल विचारू नका. त्यांतलं पोटॅशियम माझ्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. हिवाळाभर गल्लीत ढीग लागतात आणि मी नुसता वास घेऊन पुढे जातो.)

घरी आल्यावर खरी पंचाईत. खसची नवी ताटी लावलेला कूलर खोलीभर पाऊस पाडत असतो. मी दारातूनच ओरडतो, "बंद कर तो!" बायको बंद करते, पदराने वारा घेत शेजारी बसते आणि घामाने निथळत माझ्या अंगावर दुसरी गोधडी टाकते. "तुमचं आपलं बरं आहे," म्हणते, "फुकटात महाबळेश्वर."

सातच्या सुमारास पायापासून ऊब चढायला लागते. मग एकदम उकडतं, गोधड्या लाथेने खाली. तेव्हा कुठे मी नागपुरात पोचतो.

"लाव गं कूलर!"

आणि नेमके तेव्हाच लाइट जातात.