तुम्ही विचारलंत म्हणून : कॅश जुळत नाही तेव्हा

"साहेब, एवढी गर्दी, एवढा कालवा, तरी तुम्हाला टेन्शन कामून येत नाही ओ?"

परभणीत बँकेच्या कॅश काउंटरवर बसून मला २६ वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : येतं. चांगलं भरपूर येतं.

एका जूनमधली गोष्ट. पीककर्जाचे दिवस, रांग पार रस्त्यापर्यंत, त्यात दोन तास लिंक गेलेली. सही चुकीच्या जागी केली म्हणून एका म्हाताऱ्या बाबांवर मी खेकसलो. बिचारे "चुकलं बाबा" म्हणून बाजूला झाले. संध्याकाळी कॅश मोजली तर ९,००० कमी. कमी पडलेले पैसे भरतो कोण? कॅशियर. परत मोजली तर ८,५००, तिसऱ्यांदा पुन्हा ९,०००. कानशिलं तापलेली, ओल्या स्पंजवर बोटं नुसतीच घासत बसलेलो. आमचे दफ्तरी मामा दारात उभे होते. म्हणाले, "कुलूप लावा अन् बाहेर चला."

मागच्या लिंबाखाली दहा मिनिटं उभे राहिलो. मामा पाऊस, सोयाबीनचं बी असलं काहीबाही बोलत होते. मी नुसता हूं हूं करत होतो. आत आलो आणि नोटांना हात लावायच्या आधीच डोक्यात आलं : ९,००० ला नऊने भाग जातो. नवख्या कॅशियरलाही सांगतात, फरकाला नऊने भाग गेला तर आधी आकडे उलटे पडलेत का बघ. मी ४५,००० च्या भरण्याला ५४,००० टाकले होते.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण अंग पेटलेलं असलं की माहीत असलेलं आठवत नाही. म्हणून मी मनाची समजूत घालायच्या भानगडीत पडत नाही, आधी अंगाकडे बघतो. "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. जसं काही आम्ही बाजारातून पिशवी भरून आणतो.

श्वासाचं म्हणाल तर आत घेताना चार आकडे मोजतो, सोडताना सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पुढचं गिऱ्हाईक स्लिप भरेपर्यंत चार-पाच होऊन जातात, कुणाला कळतही नाही. मुठी आवळून सोडायच्या, खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे, हे दुसरं. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी स्नायू असे ताणून सैल सोडण्याची पद्धत बसवली. मी फक्त काउंटरखाली करतो.

चहाचं जड गेलं. दिवसाला आठ कप व्हायचे. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. आता चारनंतर बंद. बायको म्हणते, पाहुण्यांकडे गेलं की तुमचा नियमही पाहुणा होतो. खरंय. तंबाखूची चिमूट मात्र पूर्ण सोडली. चिमूट लावली की बरं वाटायचं, पण ती जी तगमग शमायची ती बरीचशी मागच्या चिमटीनेच लावलेली असायची. सोडल्यावर पंधरा दिवस मी घरादाराला नकोसा झालो होतो.

रात्री जेवल्यावर अर्धा तास चालतो, मोबाईल घरी ठेवून. आठवड्यात निदान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम व्हावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नळाच्या दिवशी मात्र चालणं नाही. पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि भरायचं राहिलं तर वेगळंच टेन्शन.

एक मात्र सांगतो. हे सगळं रोजच्या किरकिरीवर. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलंय आणि कर्जाची नोटीस हातात आहे, त्याला "दीर्घ श्वास घ्या" म्हणणं मला लाजिरवाणं वाटतं. त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि हप्ते बदलून मिळतात का ते मॅनेजरला विचारावं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर मी १४४१६ हा नंबर स्लिपच्या मागे लिहून देतो. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून, फुकट, मराठीतही बोलतात. दोघांना तर मी माझ्याच मोबाईलवरून लावून दिला.

मामा रिटायर झाले. लिंब पार्किंगसाठी तोडला. मागच्या आठवड्यात शेजारच्या काउंटरची नवी पोरगी सहा वाजता रडवेली होऊन चौथ्यांदा नोटा मोजत होती. किती कमी, विचारलं.

"अठराशे, सर."

मला हसू आलं, पण दाबलं. म्हटलं, "कुलूप लाव अन् बाहेर चल."