कापरेकरांची वजाबाकी द्वादशमानात: तीन अंक आणि चार अंक

वर्गसंख्यांचं काम मागेच आटोपलं. द्वादशमानात, म्हणजे दहाऐवजी बाराचा पाया धरून लिहिताना, वर्गसंख्येचा शेवटचा अंक ०, १, ४ किंवा ९ असतो, दुसरा येतच नाही. आता हातात घेतलीय ती द. रा. कापरेकरांची वजाबाकी. देवळालीच्या या शिक्षकांनी १९४९ साली ६१७४ शोधला: चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच राहतो. तीन अंकांना ४९५.

हेच बाराच्या पायात. चिन्हं आपली नेहमीचीच, दहाला द आणि अकराला अ. उसना घेतला की बारा मिळतात, एवढं लक्षात ठेवायचं. आमच्या बेळगाव-खानापूरकडे अजूनही कोणी कोणी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजतात, चार बोटांची बारा पेरं. उसन्याचा हिशेब मी तसाच करतो, कागदापेक्षा लवकर होतो.

तीन अंकांचं कोडं सुंदर सुटतं. उत्तराचा मधला अंक कायम अ, आणि कडेच्या दोघांची बेरीजही अ. म्हणून फक्त मोठ्या आणि लहान अंकातला फरक बघायचा. फरक फ असेल तर पुढचा फरक म्हणजे १२−फ आणि फ−१ यांतला मोठा. एकापासून सुरू केलं तर (फरक नेहमीच्या दशमानात लिहिलेत) १, ११, १०, ९, ८, ७, ६, आणि सहाचा पुढचाही सहाच. म्हणजे जास्तीत जास्त सातव्या वजाबाकीला ५अ६ हाती लागतो: अ६५ − ५६अ = ५अ६. दशमानात तो ८५८. ४९५शी ताडून पाहा, साचा एकच: पायाच्या निम्म्याहून एक कमी, पायाहून एक कमी, पायाचा निम्मा.

चार अंकांत मात्र ६१७४सारखं काही सापडेना. चिकोडीचे आमचे सर म्हणाले, "एकेक संख्या कशाला तपासता? फरकांच्या जोड्या धरा." उतरत्या क्रमात मांडल्यावर बाहेरच्या दोन अंकांचा फरक आणि आतल्या दोघांचा फरक, एवढ्यावर उत्तर ठरतं. अशा जोड्या फक्त ७७. सगळ्या तपासल्या. स्थिर संख्या एकही नाही, दोन फेरे आहेत:

४१९८ → ८३७४ → ५२८७ → ६१९६ → ७अअ४ → ७३७५ → ४१९८

३अअ८ → ८२८४ → ६३७६ → ३अअ८

कुठूनही निघा, यांतल्या एकात शिरता. पुढे आलेलं शून्य तेवढं टाकू नका, नाहीतर गणित तीन अंकांवर घसरतं. दुसरा फेरा मला जास्त आवडला, तीनच पायऱ्यांत परत येतो.

दहात ६१७४ का जमतो? त्याचे अंक पायाच्या पंचमांशांवर उभे आहेत: तीन पंचमांश, एक पंचमांश वजा एक, चार पंचमांश वजा एक, दोन पंचमांश. बाराला पाचाने भाग जात नाही, म्हणून हा साचा इथे बसत नाही. पंधराला जातो. वाचकांनी पंधराच्या पायात ९, २, ११, ६ हे अंक (११ हाही इथे एकच अंक) याच क्रमाने मांडून वजाबाकी करावी. उतरता क्रम ११, ९, ६, २ येतो आणि उत्तर पुन्हा ९, २, ११, ६.