व्हिडिओत न आलेलं अर्धं गाणं

ब्यूफर्टचं काम कागदावर साधं होतं. नदीकाठच्या बागेत स्टेज, चार वादक, मुख्य गायिका एक, आणि शेवटच्या ओळीत ‘सोबत काही ज्येष्ठ नागरिक’. मी मूळची साताऱ्याची. लाइव्ह साउंड पुण्यात शिकले, आता जॉर्जियातल्या सव्हानात राहते. तिथून साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट तासाभरावर. गावची मुलगी बाहेर जाऊन नावाजली, तिचं कौतुक करायला गाव जमणार आणि मी मुख्य मिक्सरवर, एवढंच मला माहीत होतं. गायिकेचं नाव लिहीत नाही, कंत्राटात तशी अट आहे.

ती नदीपलीकडच्या सेंट हेलेना बेटाची. तिकडच्या लोकांना गलाह म्हणतात. भात, नीळ आणि कापूस पिकवायला पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर ते पसरलेत. हिवतापाच्या दिवसांत गोरे मालक बेटं सोडून जात, पूल तर फार उशिरा आले, त्यामुळे भाषा, जेवण आणि गाणं यांतलं आफ्रिकेचं बरंच काही टिकून राहिलं. नोव्हेंबर १८६१ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयल घेतलं, मालक पळाले, आणि पुढच्याच वर्षी बेटावर या माणसांसाठी पेन स्कूल निघालं. ती जागा आजही पेन सेंटर म्हणून नांदती आहे. २०१३ ची ‘अमेरिकन आयडल’ कँडिस ग्लोव्हर याच बेटाची. गावाला आपल्या गायिकांचं कौतुक करायची सवय आहे.

साउंडचेकला गायिका आली ती सात-आठ म्हाताऱ्या माणसांना घेऊन. त्यांतल्या सगळ्यांत वडील बाईंच्या हातात झाडूचा दांडा होता. सगळे त्यांना ‘मिस’ लावून हाक मारत होते, मीही तसंच म्हणायला लागले. त्यांनी दांडा स्टेजवर आपटला. ठप्प. पुन्हा आपटला. ठप्प. मग गायिकेकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

स्टेजवर जाड गालिचा होता. व्हिडिओवाल्यांना कॅमेऱ्यात रंग बरा दिसावा म्हणून तो अंथरला होता. गायिका माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “हे काढायला लाव. खाली लाकूड आहे ना? मग ते बोललं पाहिजे.”

१७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी स्टोनोचं बंड केलं आणि १७४० च्या कायद्यानं त्यांना ढोल बाळगायला बंदी केली. ढोलावरून निरोप जातात, माणसं गोळा होतात, ही मालकांची धास्ती. ढोल गेला, ताल गेला नाही. तो हातांत, टाचांत आणि लाकडी जमिनीत शिरला. बेटावर ‘प्रेझ हाउस’ म्हणतात अशी लहान लाकडी प्रार्थनाघरं होती, आज तिथे त्यांतली तीनच उभी आहेत. त्यांची जमीन हेच वाद्य. लोक तिच्यावर गोलाकार फिरतात, पायाला पाय ओलांडत नाहीत, एकजण दांड्यानं ठेका धरतो. त्याला शाउट म्हणतात. मिसनी आधीच बजावलं होतं, की गोल फिरणं इथे होणार नाही, ते देवासमोरचं आहे. स्टेजवर फक्त गाणं, टाळ्या आणि दांडा. मला ते फार पटलं. सगळंच्या सगळं स्टेजवर मांडायला लावणारे आयोजक मी खूप पाहिलेत, ‘इतकंच’ असं ठामपणे सांगणारी माणसं फार थोडी.

गालिचा निघाला. व्हिडिओवाल्यांचा माणूस धुसफुसला, पण गायिकेपुढे त्याचं काही चाललं नाही. आता प्रश्न माझा होता.

आमच्या धंद्यात स्टेजवरचे पाय म्हणजे कचरा. पायांची धमक स्टँडमधून माइकमध्ये चढते, म्हणून प्रत्येक माइकला लो-कट लावून शंभर हर्ट्झच्या आसपासचं सगळं खालचं कापून टाकायचं, हा पहिला धडा. इथे तर मला तेच हवं होतं. दोन चपटे बाउंड्री माइक प्लायवूडवर चिकटवले, लो-कट काढला, बारीक आवाज आपोआप बंद करणारा गेटही काढला, कारण गेट दांड्याचा ठोका सोडतो आणि टाचांची घसट गिळतो. लगेच स्टेज घुमायला लागलं. सबवुफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, आवाज प्लायवूडमध्ये शिरायचा, तिथून माइकमध्ये, तिथून परत सबवुफरमध्ये. आवाज कमी करणं हा सोपा मार्ग होता. तो मला नको होता. मग प्रत्येक थप्पीतला एक सबवुफर उलट तोंडानं फिरवला, त्याची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटवली आणि मोजून काही मिलिसेकंदांचा उशीर दिला. अशानं पुढे जाणारा खर्ज शाबूत राहतो आणि मागे, स्टेजकडे जाणारा आपसांत कापला जातो. उन्हात, घामात, नदीवरच्या वाऱ्यात ते जुळवायला आम्हाला बराच वेळ लागला, पण जुळलं. मिसनी दांडा आपटला आणि हिरवळीच्या टोकापर्यंत जमीन बोलली. मला या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

टाळ्यांचंही तसंच. तीन बायका तीन तऱ्हांनी वाजवत होत्या. एकीचे तळवे खोलगट, आवाज खालचा. दुसरीचे थोडे सपाट. तिसरीची बोटं तळव्यावर, आवाज टोकदार. जॉर्जियाच्या बेटांवरच्या बेसी जोन्स या मोठ्या गायिका टाळ्यांचे असे तीन स्वर वेगळे करून शिकवायच्या. तिघींना मिळून एकच माइक देणं म्हणजे त्यांचा गोंगाट करणं, म्हणून तीन दिले.

संध्याकाळी आधी भाषणं झाली. वारसा, परंपरा, अभिमान हे शब्द पुष्कळ आले. बेटावर गोल्फ कोर्स, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहतींना मज्जाव करणारा नियम १९९९ पासून आहे आणि त्याला भोक पाडायचे प्रयत्न थांबलेले नाहीत, त्याबद्दल व्यासपीठावर कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या रांगा प्रायोजकांच्या. बेटावरची कुटुंबं, चर्चची माणसं, आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन पार मागे.

बँडची गाणी छान झाली. मग बँड थांबला आणि गायिकेनं एक जुनं भजन धरलं. ओळ ती झपाट्यानं, बोलल्यासारखी सांगते, आणि मग ती म्हातारी माणसं तीच ओळ इतकी लांबवत, वळणं घेत उचलतात की ताल उरतच नाही. आमच्याकडे चक्री भजनात बुवांनी चरण टाकला आणि टाळकऱ्यांनी उचलला नाही तर भजन उभं राहत नाही. हेही तसंच. तिचा आवाज मी मुद्दाम फार पुढे काढला नाही. तिला एकटीला ऐकवणं म्हणजे प्रश्न ऐकवून उत्तर झाकणं.

त्यानंतरचं गाणं दांड्यावरचं, आणि त्यात जे झालं त्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. बेटावरची माणसं बसली होती ती स्टेजपासून साधारण साठ मीटरवर. आवाजाला तिथे पोचायला पावणेदोनशे मिलिसेकंद लागतात, मागचे स्पीकरही आम्ही तेवढेच उशिरानं वाजवतो. त्यांनी टाळी धरली. ती टाळी परत स्टेजवर यायला आणखी तेवढाच वेळ. म्हणजे स्टेजवर ती साडेतीनशे मिलिसेकंद उशिरा येणार. भल्याभल्या ड्रमरची अशा वेळी लय सुटते. बँडचा ड्रमर कानात मॉनिटर घालून होता, त्याला पत्ताच नव्हता. मिसनी कानातलं काही घ्यायला साफ नकार दिला होता.

आधी दोन-तीन आवर्तनं टाळ्या वाकड्या पडत होत्या. मिसनी मान तिरकी केली, मागच्या लोकांकडे बघितलं आणि दांडा हळू केला. अगदी थोडा. माझ्या जागेवरून नीट कळेना, म्हणून जमिनीच्या माइकचा ट्रॅक हेडफोनवर घेतला. लांबून येणारी टाळी आता बरोबर दोन ठोक्यांच्या मधे पडत होती. नंतर मी रेकॉर्डिंगवर मोजलं: मिनिटाला जवळपास पंच्याऐंशी ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सातशे मिलिसेकंद, म्हणजे मध्य साडेतीनशेवर. मी हे गणितानं काढते. त्यांनी कानानं काढलं, गाता गाता, आणि मागे ढकललेल्या माणसांना गाण्याच्या मधोमध आणून बसवलं. मी मिक्सरच्या फेडरवरचे हात काढून घेतले.

नेमकं तेव्हाच इंटरकॉमवर आमच्या साहेबांचा आवाज आला, की व्हिडिओवाले म्हणतायत ठोक्यांचा आवाज घाण येतोय, ते माइक बंद कर. मी म्हटलं, नाही करणार, हे गाणंच ते आहे. बागेतल्या लोकांनी ते पूर्ण ऐकलं. पण व्हिडिओवाल्यांनी स्टेजवरून आपली वेगळी लाइन घेतली होती आणि त्यात त्यांनी फक्त तिचा गळा आणि बँड ठेवला. आज लोक जो व्हिडिओ पाहतात त्यात ती एकटी गातेय, मध्ये मध्ये उगाच थांबल्यासारखी वाटते. ती थांबत नाही, तिथे बाकीचे गात असतात. व्हिडिओवाल्यांनी हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या शाळेत ‘स्टार’ चा आवाज स्वच्छ ठेवायला शिकवतात, आमच्याही शिकवतात. १८६७ साली अॅलन, वेअर आणि गॅरिसन या संग्राहकांनी या बेटावरची पुष्कळ गाणी स्वरलिपीत छापली, तेव्हा त्यांनी निदान प्रस्तावनेत मान्य केलं होतं की हे आवाज कागदावर पुरते उतरत नाहीत. आमच्याकडे सगळे ट्रॅक असताना आम्ही अर्धे टाकून दिले.

सामान आवरताना मिस आल्या. “पोरी, आमचं गाणं आम्हाला ऐकायला मिळेल?” मी आयोजकांना विचारलं. रेकॉर्डिंगची मालकी त्यांची. उत्तर आलं की व्हिडिओ सर्वांसाठी खुला आहे, त्यांना लिंक पाठवा.

माझ्या घरापासून जॉर्जियाच्याच किनाऱ्यावरचं हॅरिस नेक लांब नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेंझो टर्नर या भाषाशास्त्रज्ञानं तिथल्या अमीलिया डॉली यांच्याकडून पाच ओळींचं एक गाणं रेकॉर्ड केलं. गाणं पश्चिम आफ्रिकेतल्या मेंडे भाषेतलं, त्यांनाही अर्थ ठाऊक नव्हता. पुढे संशोधकांनी ते ध्वनिमुद्रण सिएरा लिओनला नेलं, तेव्हा सेनेहुन एनगोला गावच्या बैंदू जबाती यांना तेच गाणं येत होतं, आजीनं शिकवलेलं, मृताला निरोप देतानाचं. अमीलियांची मुलगी मेरी मोरान १९९७ मध्ये तिथे जाऊन त्यांना भेटली. ते रेकॉर्डिंग कोणीतरी जपलं आणि माणसांपर्यंत परत पोचवलं म्हणून हे घडलं. आम्हाला तर फक्त नदी ओलांडून पोचवायचंय.

माझ्या सेशनमध्ये ट्रॅकची नावं ‘फ्लोअर’, ‘क्लॅप डावा’, ‘क्लॅप उजवा’ अशी होती. मी मिसना फोन केला. त्यांनी प्रत्येकाचं नाव सांगितलं, कोण कुठे उभं होतं तेही, आणि ज्यांच्याकडून हे गाणं शिकल्या त्या आत्याचंही. सगळी नावं आता फायलीत आहेत. गायिकेनं आणि मी मिळून आयोजकांना पत्र लिहिलंय: पूर्ण मिक्सची एक प्रत चर्चला, एक पेन सेंटरला, आणि व्हिडिओ नव्या आवाजासकट पुन्हा चढवावा. मिक्स मी फुकट करून देईन असंही कळवलंय. महिनाअखेर उत्तर आलं नाही तर त्यांच्या बैठकीला ती स्वतः जाणार आहे, आणि मी तिच्यासोबत.